चार नंबरमधली बाई

शनिवार पेठेतली आमची दहा खोल्यांची बैठी चाळ पाडणार, म्हणून टीचरनी, म्हणजे माझ्या पंचाहत्तरीच्या शेजारणीने, जुन्या रहिवाशांची यादी करायला घेतली. पुरुषांची नावं बापासकट मिळाली. चार नंबरमध्ये वारलेल्या बाईला मात्र सगळे 'नबीलची अम्मी' एवढंच म्हणत. ती खोली कित्येक वर्षं कुलूपबंद, तरी टीचरना तिचा खोकला ऐकू यायचा.

शेवटी त्यांनी धायरीला नबीललाच फोन लावला. तो पाच वर्षांचा असताना आई गेलेली.

"अब्बा तिला 'ऐकलंस का' म्हणायचे," एवढंच तो म्हणाला.

टीचरनी वही माझ्यापुढे सरकवली. "आता माझं नाव लिही."

वीस वर्षांचा शेजार, आणि मला ते माहीत नव्हतं.

कुलपाआड कुणीतरी खोकलं. या खेपेला मीही ऐकलं.