उपाशी गोधडी

आमच्या शेजारच्या महानंदाकाकू गोधडीला जेवू घालतात. शिवून होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात पुरणपोळीचा घास सारायचा आणि मगच टाका बंद करायचा. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याची झोप खाते, असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं. सासूबाईंचं एवढं एकच म्हणणं काकूंनी आयुष्यात ऐकलं. घरच्या गोधडीला मुंग्या लागल्या तरी काकू म्हणायच्या, "घरच्याच हायत."

पण उदगीरच्या किल्ल्यावर दर रविवारी पर्यटकांसाठी हस्तकलेचा बाजार भरू लागला आणि काकूंनी तिथं स्टॉल लावला. दुसऱ्याच महिन्यात बाजार चालवणारी शिवकन्या तणतणत घरी आली. मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं तिला फोटो पाठवला होता. गोधडीवर मुंग्यांची वरात.

"काकू, यापुढं गोधडीत अन्नाचा कण सापडला तर तुमचा स्टॉल बंद."

"मग काय उपाशी विकू? पाप लागंल की गं!"

"लागू द्या. मुंग्या लागून राहिल्यात, ते बघा आधी."

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. त्या वाद सोडून कामाला लागल्या की मला धास्तीच वाटते. साठीला आल्यावर पहिल्यांदा गावाबाहेर कुणी त्यांना नावानं ओळखत होतं आणि रविवारी काकांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागत होता. यातलं काहीच सोडायची काकूंची तयारी नव्हती.

रविवारी मी सोबत गेले. बघते तर प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उघडा आणि त्याला सुईदोरा लटकलेला. लातूरच्या एका बाईंनी विचारलं, "अर्धवट का ठेवलंय हे?"

"उपाशी हाय ती. घरी न्या, तुमच्या हातानं घास भरवा, अन् टाका घाला. त्याबिगर ऊब देत न्हाई."

बाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी. त्यांनी दोन घेतल्या. दुपारपर्यंत स्टॉलवर एकच गोधडी उरली! शिवकन्येनं लगेच फळ्यावर लिहिलं, 'आपल्या हाताने भरवा, मग पांघरा'. आणि शेवटची गोधडी स्वतःच उचलली.

गुरुवारी तिचा फोन. काकूंनी मुद्दाम स्पीकर लावला.

"काकू, मुंग्या!"

"काय भरवलंस?"

"गुलाबजाम. अर्धाच."

"पाकासकट?"

"थोडासा पाक होता."

"आता बोल, माझा स्टॉल बंद करायचा का तुझं सैपाकघर?"

"चुकलं, काकू."

"गोधडी उन्हात टाक. अन् उरलेले गुलाबजाम रविवारी माझ्या स्टॉलवर घेऊन ये. तिथं आम्ही बी उपाशीच असतो."