घासलेल्या टाकीची गाडी

आमच्या शेजारचे जनार्दनराव तावडे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पेंटर होते. तेहतीस वर्षं त्यांनी डबे रंगवले आणि कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीतून कामावर शंभर सीसीच्या एकाच मोटरसायकलवरून ये-जा केली. सोसायटीत सगळ्यांच्या गाड्या दोन-तीनदा बदलल्या, त्यांची नाही. निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका संध्याकाळी ते कांचनवहिनींना म्हणाले की मला मोठी गाडी घ्यायची आहे. वहिनींना वाटलं, चारचाकी. साडेसहाशे सीसीची मोटरसायकल, असा खुलासा झाल्यावर त्यांनी आमटी वाढता वाढता विचारलं, "का?"

जनार्दनरावांनी सांगून पाहिलं. पंचविशीत हवीशी वाटली होती. तेव्हा वडिलांचं दुखणं निघालं, मग मुलगी रसिका, तिचं शिक्षण आणि लग्न. ती आता नाशिकला असते. हवीशी वाटणं काही थांबलं नाही, एवढंच त्यांना सांगता आलं.

वहिनी म्हणाल्या, "नवी नको. पडायचीच असेल तर जुनी पडू दे."

फतेगंजला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात त्यांना एक गाडी दाखवली. आरशासारखी चकचकीत. जनार्दनरावांनी टाकीवर नखाने टकटक केलं, मग खिशातलं लोहचुंबक काढून लावलं. ते चिकटलं नाही, घसरून हातात आलं. म्हणजे रंगाखाली पोचे बुजवायला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर भरलेला होता. पुढच्या दिव्याच्या मागे, सांगाड्याच्या मानेवरही ताजा रंग होता. गाडी समोरून कुठेतरी जोरात धडकलेली होती. ते दुकानातून बाहेर पडले. मला नंतर म्हणाले, रंग मारणाऱ्याचा हात चांगला होता.

दुसरी गाडी मोबाइलवरच्या जाहिरातीत सापडली. फोटोत टाकीला पोचा, घासलेला सायलेन्सर, क्लचचा वाकडा दांडा, सगळं स्पष्ट दिसत होतं. किंमत म्हणूनच कमी. मालकीण गोत्रीत राहणारी, तिशीच्या आतली सानवी नावाची मुलगी. पार्किंगमध्ये दोघं दहा मिनिटं, इथे सगळे बोलतात तसं, गुजरातीत बोलत होते. मग तिला फोन आला आणि ती म्हणाली, "अगं आई, एक काका आलेत गाडी बघायला." त्यावर दोघंही हसले आणि पुढचं बोलणं मराठीत झालं.

तिने काही लपवलं नाही. गाडी दोनदा उभ्या उभ्या तिच्या हातून कलली होती आणि एकदा रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने पार्किंगमध्येच पाडली होती. आधी बघायला आलेले चारही जण अपघाताची गाडी म्हणून परत गेले होते. तीन आठवड्यांनी तिला नव्या नोकरीसाठी बंगळुरूला जायचं होतं.

जनार्दनराव जमिनीवर उकिडवे बसले आणि एकेका ओरखड्यावरून बोट फिरवत गेले. रस्त्यावर घसरलेल्या गाडीला लांब, सरळ, एका दिशेचे ओरखडे पडतात. इथे सगळे आखूड होते आणि डाव्या बाजूचे जे भाग बाहेर येतात तेवढ्यांवरच होते. टाकीला चुंबक घट्ट चिकटलं.

"ही रस्त्यावर घसरलेली नाही," ते म्हणाले. "उभी पडलीय."

"मी तेच सांगत होते, काका. कुणी ऐकलंच नाही."

त्यांनी तिला हेही सांगितलं की आठ दिवस देऊन नीट रंगवून घेतली तर तिला जास्त पैसे मिळतील. तिने नको म्हटलं. मग म्हणाली, एवढं खरं सांगणाऱ्यालाच द्यायची आहे.

मग ते चालवून बघायला बसले. दहा पावलं गेले, वळताना हँडल फिरवलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला, आणि दोनशे किलोची गाडी सावकाश त्यांच्या हातातून निघून डाव्या कुशीवर आडवी झाली. लागलं नाही कुठे. पण एकोणसाठ वर्षांचा माणूस शरमेने लाल झाला. ओढून उचलायला गेले तर ती हलेना.

सानवी हसली नाही. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर टेकवून खाली बसली, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटमागचा दांडा धरला आणि पायांच्या जोरावर मागे चालत गाडी उभी केली. मग वॉचमनकडून दोन जुनी गोणपाटं मागून आणली, जमिनीवर अंथरली आणि गाडी त्यांच्यावर पुन्हा अलगद निजवली.

"आता तुम्ही. हे आलं की भीती निम्मी जाते."

तिसऱ्या खेपेला गाडी उठली. जनार्दनरावांना दम लागला होता, आणि ते लहान मुलासारखे खूश झाले होते. व्यवहार त्याच दिवशी झाला.

पुढचे तीन रविवार सकाळी सहाला सानवी त्यांना गोत्रीच्या पुढे, नव्या सोसायट्यांच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवत होती. तेहतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने निमूटपणे नव्याने शिकून घेतलं. नजर चाकापुढे ठेवायची नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची. हळू वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. चौथ्या रविवारी ती बंगळुरूला गेली होती, आणि ते एकटेच जाऊन त्या रस्त्यावर तासभर वळत राहिले.

सोसायटीत सगळ्यांना वाटलं, आता तावडे गाडी नवीकोरी करणार. त्यांनी क्लचचा दांडा आणि पाय ठेवायचा पायटा बदलला, पोच्याला गंज लागू नये म्हणून वार्निशचा हात दिला आणि थांबले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एवढ्यात नको. अजून माझ्या हातून पडायची आहे."

पडलीही, एकदा अमितनगर सर्कलला, भर गर्दीत. रिक्षावाले धावत येईपर्यंत त्यांनी उचलली होती.

निवृत्तीनंतरच्या फेब्रुवारीत ते आणि वहिनी त्या गाडीवरून रसिकाकडे निघाले. वाटेत सापुताऱ्याला मुक्काम केला. सकाळी घाटावरच्या टपरीवर चहा घेताना वहिनी म्हणाल्या की कंबर मोडली. अजून किती, असं त्यांनी विचारलं. ऐंशी किलोमीटर, ते म्हणाले. वहिनींनी रसिकाला फोन लावला आणि सांगितलं, जेवायला थांबू नका, आम्ही रमतगमत येऊ.