करंजाखालचा केशरी दगड

दगडाला मी केशरी रंग दिला, ही चूक. बाकी सगळं ठीक होतं.

रंग तसा फार देखणा होता हो! बाल्कनीच्या ग्रिलला लावून उरलेला, डब्याच्या तळाशी सायीसारखा जमलेला. टर्पेंटाइनचा तो उग्र, थेट डोक्यात चढणारा दर्प, आणि जानेवारीच्या कोवळ्या उन्हात ब्रशाच्या एकेका फटकाऱ्यासरशी उजळत जाणारा तो धोंडा! पहाटेच्या क्षितिजाचा एक तुकडाच आपण वर्तमानपत्रावर वाळत घातला आहे, असा मला भास झाला. मनुष्य स्वतःच्या कलाकृतीकडे टक लावून पाहू लागला, की त्याची बुद्धी तेवढा वेळ रजेवर जाते आणि चेहऱ्यावर नुसतं समाधान उरतं. नाहीतर, महाराष्ट्रात झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या केशरी दगडाचं पुढे काय होतं, हे साठी उलटलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला हवं का?

दगडसुद्धा खरा नव्हता. प्लॅस्टिकच्या एका डबीला सिमेंट-वाळूचा लेप देऊन मी तो घडवला होता. झाकण खालच्या अंगाला. आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी? तर ताईसाठी.

ताई माझी थोरली बहीण. नवीन पनवेलात आमच्याच सेक्टरमध्ये, दोन इमारती पलीकडे राहते. दिवाळीच्या आधी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. पण ताई घराबाहेर पडेना. त्याआधी सर्व्हिस रोड ओलांडताना ती एकदा पडली होती, आणि न्हावा शेव्याकडे निघालेला एक अजस्र कंटेनर तिच्यापासून हाताच्या अंतरावर करकचून थांबला होता. डॉक्टरांनी गुडघा नवा बसवला, भीती मात्र जुनीच राहिली. ‘आता चालला नाहीत तर गुडघा आखडेल, आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही,’ असं फिजिओथेरपिस्टनं साफ सांगितलं होतं. ताईनं ते शांतपणे ऐकलं आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पुढे सोडवायला घेतलं. जिच्या नुसत्या चाहुलीनं जुन्या पनवेलच्या बाजारातले कांदेवाले भाव उतरवायचे, त्या बाईचं साम्राज्य चार कुंड्यांवर येऊन थांबावं! माझ्याच्यानं ते बघवेना.

पण मला तिचं एक मर्म ठाऊक होतं. कोडं अर्धवट राहिलं, की ताईला अन्न गोड लागत नाही. मालिकेतला खुनी ती पहिल्याच भागात हुडकते आणि मग लेखकाला तो कळेपर्यंत वर्षभर वाट पाहत बसते. माझी मुलगी मुक्ता बंगळुरात सुट्टीच्या दिवशी एक खेळ खेळते. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि शोधणाऱ्यांनी फोनवरचा बाण पाहत तिच्यापर्यंत पोहोचायचं. त्यातही बहुटप्पी शोध असतो: पहिल्या डबीत दुसरीचा ठावठिकाणा, दुसरीत तिसरीचा. मी ठरवलं, ताईला डॉक्टरांनी नाही चालवलं, तर आकाशातले उपग्रह चालवतील!

केवढी विलक्षण गोष्ट आहे ही! अंतराळाच्या निःशब्द पोकळीत फिरणाऱ्या त्या यंत्रांना आमच्या सेक्टरमधला बाक नेमका दिसतो, आणि इथे जन्म काढलेल्या रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ‘मेडिकलच्या अलीकडे, पण बंद झालेल्या मेडिकलच्या,’ असं सांगावं लागतं. सरकारनं आम्हांला सेक्टर दिले, प्लॉटला आकडे दिले. आम्ही मात्र अजून उसाच्या गुऱ्हाळावरून आणि कुणाच्या तरी कुत्र्यावरून डावीकडे वळतो. माणसाला जागा आकड्यानं कळत नाही, ती आठवणीनं कळते. पण ताईला आठवणीच नेमक्या भिववत होत्या. म्हणून तिला आकडेच बरे, असा माझा तर्क.

तीन टप्पे मी आखले. पहिला बागेतल्या बाकाखाली. दुसरा सर्व्हिस रोडच्या पलीकडे, करंजाच्या झाडाशी, म्हणजे तो दगड. तिसरा जुन्या पनवेलात, तलावाच्या कट्ट्यापाशी. तिथल्या डबीत बक्षीस म्हणून तिची आवडती आवळा सुपारी. दगड दगडांत हरवून ताई रस्त्यावर ताटकळू नये म्हणून तो ठळक दिसावा, एवढाच माझा हेतू. हेतू निर्मळ होता, रंग तेवढा नडला.

आठवडाभर मिनतवाऱ्या केल्यावर ताई एकदाची उतरली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, आणि चेहऱ्यावर माझ्याविषयीचा जुना संशय. बागेपर्यंत ती त्या बाणाशी भांडतच आली. ‘उजवीकडे म्हणतो मेला, उजवीकडे गटार आहे!’ पण बाकाखाली हात घालून डबी काढली, तेव्हा तिच्या डोळ्यांत जी लकाकी आली ती मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. चिठ्ठी वाचून ती म्हणाली, “हे तर रस्त्यापलीकडे आहे.” मग माझा दंड पकडून, डोळे जवळजवळ मिटून, तिनं रस्ता ओलांडला.

आणि करंजाखाली पाहतो तर काय! माझ्या दगडावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, पुढ्यात उदबत्ती, वर उपड्या क्रेटचं देऊळ. शेजारी वालाच्या शेंगांची टोपली घेऊन भारतीबाई बसलेल्या. पलीकडच्या गावातून रोज भाजी विकायला येणाऱ्या. मी दगडाकडे हात नेला मात्र,

“ओ दादा! आंगोल केली का तुमी? देवाला असा हात नाय लावायचा!”

“अहो, पण हा दगड...”

“सवता आलाय तो. मी नाय आनला, तुमी नाय आनला.” त्यांनी करंजामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “या भितीपाशी नाकाला पदर लावून बसत व्हते मी. आता हाय का वास? एक मानूस उभा ऱ्हात नाय हितं. असा देव हाय त्यो!”

खरंच, कोपरा झाडून लखलखीत केलेला. पालिकेच्या ‘येथे लघवी करू नये’ या पाटीला जे साधलं नव्हतं ते माझ्या उरलेल्या रंगानं साधलं होतं! आता कबूल करावं तर या बाईचा देव जातो, न करावं तर ताईचा पुढचा टप्पा देवाच्या पोटात अडकतो. ताईनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चपला काढता काढता माझ्या कानाशी पुटपुटली, “ग्रिलचा रंग उरला होता वाटतं?”

त्या दिवसापासून एक नवल सुरू झालं. ताई रोज बाहेर पडू लागली. जास्वंदीची फुलं घेऊन, रस्त्यापुरता माझा दंड धरून, सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर पुन्हा एकदा. भारतीबाईंसाठी ती भक्त होती. मला खरं कारण ठाऊक होतं. भारतीबाई कधी उठतात आणि आपण कधी झाकण उघडतो, यावर ती टपून होती. पण भारतीबाई उठतात कसल्या! मग दोघी शेंगा निवडत बसायच्या. मडक्यात शेंगा भाजून करायच्या पोपटीत मीठ किती, ओवा किती, यावर त्यांचे तास जायचे. “सांगून टाक ना पुढचं,” ताई मला म्हणायची. नियमात बसत नाही, असं मी गंभीरपणे सांगायचो. ती चालत होती ना! मला आणखी काय हवं होतं?

आणि एका संध्याकाळी मी चष्म्याचं घर उघडलं, तर आत पुढच्या टप्प्याची चिठ्ठी! म्हणजे देवाच्या पोटात काहीच नव्हतं. मी रिकामाच दगड ठेवून आलो होतो. ताई उद्या-परवा तो उघडणार, आत पोकळी पाहणार, आणि भावानं आपल्या दुखण्याची थट्टा केली असं म्हणून पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार. तिथून मग तिला कोणता उपग्रह उठवील?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भारतीबाई समोरच्या सोसायटीत पाणी भरायला गेल्या आहेत असं पाहून मी करंजाखाली गुडघे टेकले. देव उलटा केला. तेलानं आणि कुंकवानं झाकण घट्ट बसलेलं. मी दात-ओठ खाऊन पिळत होतो. ते निसटलं आणि मी वर पाहिलं.

रस्त्याच्या पलीकडे ताई उभी होती. एकटी. हातात काठी नव्हती! धडधडत एक कंटेनर गेला. ती थांबली, तो जाऊ दिला, मग मागच्या रिक्षावाल्याला हातानं थोपवून, निऱ्या सावरत, डोळे सताड उघडे ठेवून ती रस्ता ओलांडून आली. अगदी पूर्वी बाजारात शिरायची तशी. मला इतका आनंद झाला की मी लपायचंच विसरलो. एका हातात देव, दुसऱ्या हातात झाकण, दातांत चिठ्ठी, अशा अवस्थेत मी उभा राहून नाचलो म्हणायला हरकत नाही. दगडातून खुळखुळत एक सुपारी माझ्या पायाशी पडली.

आणि मागे भारतीबाई, कळशी घेऊन.

आता काय होतंय, म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी कळशी शांतपणे खाली ठेवली, सुपारी उचलून पदरानं पुसली आणि माझ्या हातातून देव काढून घेतला. “डबी हाय ती, मला ठाव हाय. पयल्याच दिशी उघडून बगली. मोकली व्हती, म्हनून सुपारी ठेवली आत. मोकला देव कसा चालंल?”

ताईनं माझ्या दातांतली चिठ्ठी ओढून घेतली, वाचली, पर्समध्ये टाकली. “तलाव,” ती म्हणाली. “उद्या सकाळी. भारतीबाई, येताय?”

भारतीबाईंनी झाकण लावलं, देव जागेवर बसवला, एकवार ताईच्या पायांकडे पाहिलं, मग मला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि शेंगांवर पाणी शिंपडत म्हणाल्या,

“ताई, तुमचा गुडगा झाला बरा. आता याचं डोकं दाखवा कुनाला तरी.”