काठावरची लाल चिंधी

धरणाचं पाणी उतरू लागलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिथे आम्ही काकडी, चवळी, ढेमसं लावतो. टिटवीलाही नेमकी तीच जमीन आवडते. मोकळ्या मातीत अंडी घालते आणि वर दिवसभर आमच्याच नावाने बोंबलते. भाजीच्या या वाडीत अंडी दिसली की माय शेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की बैल वळवायचे, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं. "तिच्या जागेत आपण पेरतो, तिच्या घराले हात नाई लावायचा," माय म्हणे.

मग बोटिंग आलं. केळझरच्या गणपतीचं दर्शन झालं की गाड्या इकडे वळू लागल्या. तरंगता धक्का, भोंगे, नारिंगी जाकिटं. विकास म्हणे! मोटारबोट गेली की लाटा मऊ काठ खातात, पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो. हिवाळ्यातली बदकं आता वरच्या वर एक फेरी मारून निघून जातात. मला त्या बोटींचा संताप येतो, आणि गिऱ्हाईक मिळतं म्हणून धक्क्यावरच काकड्या विकायला बसतो, त्याचाही येतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी बोट सरळ आमच्या वाडीकडे आली. बोटवाल्याने मायच्या काठीला दोर बांधला आणि माणसं फोटो काढायला उतरली. टिटव्या त्यांच्या डोक्यावर झेपावत होत्या, आणि माणसं हसत हसत त्याचाही व्हिडिओ काढत होती. माय धावत पोचेपर्यंत अंडी चपलांखाली गेली होती.

बोटवाला शेजारच्याच गावचा. बिचारा ओशाळला. "काकू, लाल झेंडी दिसली. मले वाटलं, बोट इथंच लावाची खूण हाये."

मायने दोर सोडून काठी उपटून घेतली. घरी येताना मला म्हणाली, "मीच तं बोलावलं त्याईले."

यंदा चवळीत पुन्हा अंडी दिसली. माय काठी आणि चिंधी घेऊन गेली. बराच वेळ धक्क्याकडे बघत उभी राहिली, मग चिंधी कमरेला खोचून परत आली. "जागा ध्यानात ठेवजो," एवढंच म्हणाली.

जागा माझ्या ध्यानात होती. दुपारी चवळीतलं तण काढायला मी बैलांमागे डवरा धरला, माय पुढे चालत होती. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला आणि बैल बिचकून ओळींमधलं तास सोडून धावले. मी कासरा ओढला, पण उशीर झाला होता.

मायने खाली वाकून पाहिलं. मग माझ्या हातातून कासरा घेतला आणि बैल सोडले. चिंधी अजून तिच्या कमरेलाच होती.