वीस मिनिटं गप्प

डॉक्टरांनी बीपीचं मशीन पुन्हा एकदा लावून पाहिलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "रोज सकाळी वीस मिनिटं ध्यान करा." जशी काही माझ्याकडे सकाळची वीस मिनिटं रिकामी पडलेली असतात!

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, काही दिवसांनी ती उलगडायची आणि कोंब मोजायचे. चांगले किती, वाकडे किती, कुजलेले किती. गेल्या हंगामात एका नव्या मुलीने दोन गुंडाळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, तर मी तिच्यावर अशी ओरडले की अख्खी खोली गप्प झाली. संध्याकाळपर्यंत माझंच डोकं ठणकत राहिलं. म्हणून डॉक्टरकडे गेले होते.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त गुरुजी रविवारी ध्यान शिकवतात. त्यांनी सांगितलं, पाठ ताठ ठेवा, श्वास मोजा, दहापर्यंत. मध्येच मन भटकलं तर परत एकपासून. मला वाटलं, मोजायचंच आहे ना, मग काय अवघड! पण तीनवर गेले की पाण्याची टाकी भरून वाहत असेल, चारवर त्या मुलीचा रडवेला चेहरा. अर्ध्या तासात पाच काही आला नाही. दिवसभर हजारो दाणे न चुकता मोजणारी बाई मी!

"गुरुजी, मला जमत नाही," मी चिडून म्हटलं.

"जमत नाही हे कळलं ना? छान," ते हसले. मला असल्या उत्तरांचा फार राग येतो.

त्यातच सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आल्या. मी त्यांना मामी म्हणते. पहिल्याच सकाळी मी सतरंजीवर डोळे मिटून बसले, तर आवाज आला, "काय दुखून राह्यलं का गं?"

"न्हाई मामी. ध्यान करतेय."

"बरं बरं, कर." जरा वेळाने, "चहा मांडू का?" मग, "साखर कुठं ठेवली?"

तेवढ्यात शेजारीण आली. मामी कुजबुजल्या, पण ते तीन घरांत ऐकू गेलं असेल. "हळू बोल बाई. सुनेला डॉक्टरनं बसवलंय. डोक्याचं काहीतरी निघालंय."

मी ताडकन उठले. "मामी, वीस मिनिटं गप्प बसता येत न्हाई का तुम्हाला?"

शेजारीण आल्या पावली परत गेली. मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओरडणं थांबावं म्हणून बसायचं, आणि त्या बसण्यासाठीच ओरडायचं. स्वतःचाच इतका वैताग आला की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात चिडीचूप. तरी ध्यान लागेना, कारण माझे कान मामींकडेच. तिसऱ्या दिवशी हळूच डोळे उघडले. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. एका डोळ्यावर आदल्या दिवशीच्या ऑपरेशनची पट्टी, आणि खोकला येऊ नये म्हणून पदर तोंडात दाबलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामी, या, इथं बसा."

"मी बोलंन की मंग."

"बोला."

त्या शेजारी येऊन बसल्या. लग्नाआधी माहेरची मेंढरं त्याच वळायच्या. मी आशेने विचारलं, "तिथं रानात एकट्या असायच्या, तेव्हा मन शांत असायचं ना?"

"कशाचं शांत! लांडगा यील, कोकरू हरपंल, कुणाच्या कपाशीत शिरलं तर भांडण होईल. सारखी मोजायची मी."

"चुकायचं?"

"रोज! मंग परत पह्यल्यापासून." आणि मग त्यांनी एका लंगड्या मेंढीची गोष्ट सुरू केली, ती संपेचना. मला ऑफिसला उशीर झाला, तिथं बोलणी खावी लागली.

पट्टी निघाल्यावर मामी गावी गेल्या. गोळी चालूच आहे. कधी सहापर्यंत जाते, कधी दोनवरच अडकते. त्या नव्या मुलीची मी माफी मागितली, ते मात्र ध्यानाशिवाय जमलं. आणि रोज सकाळी मी बसले की बरोबर त्याच वेळी फोन वाजतो.

"झालं का गं ध्यान?"

"चालू हाय, मामी."

"मंग बोलतीस कशी?"