चोरून नेलेली लाल फांदी

दिवाळी सरली की आमच्या फाटकाजवळच्या पॉइन्सेटियाची शेंड्याची पानं लालभडक व्हायला लागतात, आणि मग परभणीतली सगळी चोरटी माणसं माझ्याच गल्लीतून फिरायला जातात, असा माझा संशय आहे. मागच्या वर्षी त्यातल्या एका बाईंना मी रंगेहाथ पकडलं. साठीच्या असतील. पायांत बूट, अंगात नवऱ्याचा असावा असा स्वेटर आणि पदराआड फांदी. बोटांना लागलेला पांढरा चीक त्या निवांतपणे माझ्याच भिंतीला पुसत होत्या.

मी मोठ्या मनानं म्हणालो, "मावशी, चोरता कशाला? कुंडीत लावून देतो की."

त्यांनी फांदी खाली टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही आगाऊपणा केला होता.

"दिलेलं झाड लागत न्हाई, भाऊ. चोरलेलंच जगतंय. तुमी जरा तिकडं तोंड करा."

मी तोंड फिरवलं. मागे कट्कन आवाज आला.

यंदा नवी भिंत बांधताना गवंड्यानं माझं झाड मुळासकट उपटून टाकलं. तो रिकामा कोपरा मला बघवेना. एका सकाळी मागच्या गल्लीत, कुणाच्या तरी फाटकावरून लाल शेंडे बाहेर झुकलेले दिसले. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हात घातला. ओसरीवर त्याच बाई डाळ निवडत बसल्या होत्या.

मी ओशाळून म्हणालो, "मावशी, एक फांदी..."

"मागू नका, लय चांगलं झाड हाय, वाया जाईल!" त्या ओरडल्या आणि सुपासकट पाठ करून बसल्या.

मी फांदी मोडली आणि बोटांचा चीक त्यांच्याच भिंतीला पुसला.