कंपनीचे गाणे

अमेरिकेतील ट्रॉय शहरातल्या आमच्या कंपनीत दर सोमवारी मीटिंगआधी उभे राहून कंपनीचे गाणे म्हणावे लागे. माझे वडीलधारे मराठी सहकारी, ज्यांना मी काका म्हणे, घशाच्या शस्त्रक्रियेनंतर नुसते ओठ हलवीत. एकदा मॅनेजरने मला विचारले, "हे गातात ना?" एक होकार पुरला असता. मी घाबरून म्हणालो, "नुसते ओठ हलवतात."

त्याने काकांना पुढे बोलावून एकट्याने गायला लावले. फाटक्या आवाजात त्यांनी तिन्ही कडवी पूर्ण केली. मॅनेजर हसला म्हणून सगळे हसले, मीही हसलो.

पार्किंगमध्ये मी "सॉरी, काका" म्हणालो. गाडीचे दार उघडत ते म्हणाले, "खरंच सांगायचं होतं, तर ऑपरेशनचंही सांगायचंस."